गाडीतल्या सराउंड साउंडची मेख ज्यानं शोधली, त्याच्या मरणाची बातमी ब्रिटननं दाबून ठेवली होती

नवीन गाडी बघायला गेलं की सेल्समन आधी सनरूफ उघडून दाखवतो आणि मग स्क्रीनवरचं सराउंड मोडचं बटण दाबतो. आवाज चहूबाजूंनी यायला लागतो, मागच्या सीटवरची मंडळी खूश होतात. त्यानंतर ते बटण जन्मभर चालूच राहतं. गाणं असो, बातम्या असोत नाहीतर मॅचची कॉमेंट्री.

मग थोड्या दिवसांनी तक्रार सुरू होते. जुन्या गाण्यातला गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय?

स्पीकर चांगलेच असतात. बटण नको तेव्हा चालू असतं, इतकंच.

हे बटण कधी दाबायचं ते कळायला आधी ते करतं काय हे कळलं पाहिजे. आणि त्यासाठी जायला लागतंय थेट १९३१ सालच्या लंडनमध्ये, ॲलन ब्लूमलाइन नावाच्या गड्याकडे.

२९ जून १९०३ ला लंडनच्या हॅम्पस्टेड भागात त्याचा जन्म झाला. वडील मूळचे जर्मनीचे, आई स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. पोरगं वाचनात कच्चं. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं, असं त्याची बहीण सांगायची. पण सात वर्षांचा असताना त्यानं घराची बिघडलेली डोअरबेल दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात चक्क बिल ठेवलं. खाली सही, ॲलन ब्लूमलाइन, इलेक्ट्रिकल इंजिनिअर.

पुढं लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून तो पहिल्या वर्गात पास झाला. टेलिफोनच्या धंद्यात काही वर्षं काढली आणि १९२९ ला कोलंबिया ग्रॅफोफोन कंपनीत रुजू झाला. तिथं पहिलंच काम अवघड मिळालं. रेकॉर्ड कापायच्या मशीनचं पेटंट अमेरिकेच्या बेल कंपनीकडे होतं आणि प्रत्येक रेकॉर्डमागं रॉयल्टी भरावी लागत होती. ब्लूमलाइननं वेगळ्याच पद्धतीचं मशीन बनवून तो खर्चच वाचवला. १९३१ ला कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एक झाल्या आणि ईएमआय जन्माला आली. ग्रामोफोन कंपनी म्हणजे तीच, आपल्याकडच्या घराघरात कुत्र्याच्या चित्रासकट पोचलेली एचएमव्ही.

त्याच वर्षीची गोष्ट. ॲलन आणि त्याची होणारी बायको डोरीन सिनेमाला गेले होते. बोलपट नवेनवे होते. नट पडद्याच्या एका टोकाला उभा आणि त्याचा आवाज मात्र भलत्याच बाजूनं, कारण सगळा आवाज एकाच जागेवरून यायचा. बाकीचं थिएटर सिनेमा बघत होतं, याचं डोकं तिथंच अडकलं. नट जिकडं जाईल तिकडं आवाज न्यायची युक्ती आपल्याला सापडली आहे, असं त्यानं डोरीनला सांगून टाकलं.

१४ डिसेंबर १९३१ ला त्यानं पेटंटचा अर्ज भरला. नंबर ३९४३२५, त्यात तब्बल ७० दावे. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो ते सगळं त्यात होतं. दोन माइक कसे ठेवायचे, एकाच रेकॉर्डच्या एकाच खाचेत डावा आणि उजवा असे दोन आवाज कसे कोरायचे, सगळं. तो त्याला बायनॉरल म्हणायचा, म्हणजे दोन कानांचं.

या पेटंटमधली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ब्लूमलाइननं दोन आवाज नुसते वेगळे ठेवले नाहीत, त्यांची बेरीज आणि वजाबाकी करून बघितली.

आता हे समजून घ्या. गायक मधोमध उभा असेल तर त्याचा आवाज डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच जातो. डाव्यातून उजवा वजा केला की गायक गायब. उरतं काय? बाजूला वाजणारी वाद्यं, हॉलमध्ये घुमणारा आवाज, लोकांच्या टाळ्या. म्हणजे बेरजेत माणूस सापडतो आणि वजाबाकीत जागा सापडते.

१९७०च्या आसपास डेव्हिड हाफलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं हीच वजाबाकी मागच्या स्पीकरला जोडली. साध्या स्टिरिओ रेकॉर्डमधला हॉल लोकांना पाठीमागून ऐकू यायला लागला. आज गाडीतला सराउंड मोडही साधं स्टिरिओ गाणं घेऊन मुळात हेच करतो, फक्त ते काम आता सॉफ्टवेअर बारकाईनं करतं. दोन्हीकडं सारखं असलेलं डॅशबोर्डच्या मधल्या स्पीकरला, वेगळं असलेलं मागं.

म्हणजे हे बटण नवीन आवाज तयार करत नाही. गाण्यात फरक असेल तरच मागं पाठवायला काहीतरी मिळतं.

मग कधी लावायचं? लाइव्ह कॉन्सर्ट, सिनेमाचं पार्श्वसंगीत, मोठा वाद्यवृंद असलेलं नवं स्टिरिओ रेकॉर्डिंग असेल तेव्हा खुशाल लावा. गाडीत चार माणसं असतील आणि मधला स्पीकर असेल तर फायदा जास्त. गाडीत कुणीच मधोमध बसलेलं नसतं. साध्या स्टिरिओमध्ये गायक ज्याच्या त्याच्या दाराकडं सरकतो, मधला स्पीकर त्याला डॅशबोर्डवर धरून ठेवतो. आणि रेकॉर्डिंगच मुळात सराउंडचं असेल, तर अंदाज करायची गरजच नाही, तिथं तो मोड हवाच.

बंद कधी ठेवायचं? बातम्या, पॉडकास्ट, कीर्तन, जिथं एकच माणूस बोलतोय तिथं. जुनी भावगीतं आणि पन्नास-साठच्या दशकातली सिनेमाची गाणी बहुतेक मोनो आहेत. त्यात वजाबाकी शून्य येते, मग काही सिस्टीम उगाच खोटा घुमारा चढवतात आणि तीच ती विहीर तयार होते. घाटात एफएम खरखरायला लागलं तरी बंद करा. एफएमचं स्टिरिओसुद्धा बेरीज-वजाबाकीवरच चालतं आणि खरखर वजाबाकीच्या हिश्शात जास्त असते. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून पातळ झालेली गाणी वाजवतानाही तेच. चारच दारांचे स्पीकर असलेल्या गाडीत हा मोड बऱ्याचदा नुसता दिखावा असतो, तिथं साधं स्टिरिओच बरं.

आता परत ॲलनकडं.

जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम मोझार्टची ज्युपिटर सिम्फनी बसवत होते, तिथं त्याच्या पद्धतीनं रेकॉर्डिंग झालं. १९३५ ला हेस स्टेशनवरून जाणाऱ्या आगगाड्यांची एक छोटी फिल्म काढली. गाडी जिकडं जाते, आवाज तिकडं जातो. गडी आधीपासून रेल्वेचा शौकीन, त्यामुळं विषय कसा निवडला हे वेगळं सांगायला नको.

पण मंदीचे दिवस होते. घरात एक स्पीकर घ्यायची मारामार, दोन कोण घेणार? कंपनीनं स्टिरिओ बाजूला ठेवलं आणि ब्लूमलाइनला टीव्हीवर लावलं. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीनं टीव्ही सुरू केला. त्यातली ४०५ रेषांची पद्धत घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता आणि ब्रिटनमध्ये ती १९८५ पर्यंत चालली. अवघ्या १८ वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर १२८ पेटंट जमा झाली. सरासरी पावणेदोन महिन्याला एक.

मग दुसरं महायुद्ध आलं. रात्री ढगांच्या वरून उडणाऱ्या बॉम्बर विमानाला खालची जमीन दाखवेल असं एचटूएस नावाचं रडार बनत होतं. बर्नार्ड लव्हेल त्या टीमचे प्रमुख होते आणि ईएमआयकडून ब्लूमलाइन त्यात होता.

७ जून १९४२, रविवार. डेफर्डच्या विमानतळावरून हॅलिफॅक्स व्ही९९७७ हे विमान रडारच्या चाचणीसाठी उडालं. उजव्या पंखाच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली, ती विझली नाही. वेल्श बिकनर गावाजवळ विमान कोसळलं. आतले ११ही जण गेले. त्यात ब्लूमलाइन आणि ईएमआयचेच ब्राउन आणि ब्लिथेन हे दोन सहकारी होते. चौकशीत कारण निघालं ते इंजिनाच्या टॅपेटचा एक नट. तपासणीनंतर तो नीट आवळलाच गेला नव्हता.

ब्लूमलाइन ३८ वर्षांचा होता. मागं डोरीन आणि दोन लहान मुलं.

या माणसाचं मरण जाहीर केलं असतं तर तो काय करत होता हेही जर्मनीला कळलं असतं. त्यामुळं बातमी दाबली गेली, पेपरात मृत्युलेख आला नाही. रडारचं काम मात्र थांबलं नाही, जानेवारी १९४३ अखेर एचटूएस लावलेली विमानं हॅम्बुर्गवर गेली.

युद्ध संपलं तोवर लोक त्याला विसरले होते. १९५८ ला स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या, खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज, त्याच्या पेटंटमध्ये होतं तसंच. पण पेटंटची मुदत आधीच संपली होती आणि वेष्टनावर त्याचं नाव कुठंच नव्हतं. लंडनच्या ईलिंगमधल्या त्याच्या घरावर पाटी लागली १९७७ ला. तंत्रज्ञानासाठीचा ग्रॅमी मिळाला २०१७ साली, तेव्हा विमान कोसळून ७५ वर्षं होत आली होती.