कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असतानाच, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते बसवले गेले. बाबासाहेबांचे पहिले गुरू बुद्ध, दुसरे कबीर आणि तिसरे फुले. त्या फुल्यांचा पुतळा ज्यांनी घडवला त्या बाबूराव पेंटर यांची ओळख आपल्या घराघरात असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम करणारे हुन्नरी कारागीर. कलेच्या शाळेची पायरी बाबूराव चढले नाहीत. घरातच हत्यारे हाताळत शिकले. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि पेंटर हेच नाव कायमचे चिकटले. कापडावर महाल, जंगल अशी उभी करत की प्रेक्षक पडद्यालाच टाळ्या देत.

पुढे दोघांना सिनेमाचे वेड लागले. पण कॅमेरा आणायचा कुठून? पैसा नव्हता. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून खटपट चालूच ठेवली आणि कॅमेरा स्वतः बनवला! महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, तिला तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की लोक हादरले आणि तो भाग कापावा लागला. सिनेमात काम करणे बदनामीचे समजले जाई, त्या काळात बाबूरावांनी बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या.

देवादिकांच्या कथा चालत असताना १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो, अशी ही गोष्ट. तो शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगवला. आम्ही गिरणीत उभी हयात घालवलेली माणसे. आमचे बापजादे गाव का सोडून आले, हे आम्हाला कोणी वेगळे सांगायला नको. ती कहाणी पडद्यावर आणायला कारागिराचा मुलगाच पुढे आला, याचे आम्हाला मोल वाटते.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर कंपनी सोडून गेले आणि त्यांनी प्रभात काढली. बाबूरावही पुढे सिनेमातून बाजूला झाले. पण हात थांबले नाहीत. चित्रे काढली, पुतळे घडवले. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले.

आपल्या वस्तीतली पोरे मातीचे, लाकडाचे काही करत बसली की आपण ओरडतो. पुस्तक तर हातात हवेच, शिका हा बाबासाहेबांचा पहिला मंत्र आहे. पण पोराच्या बोटात हुन्नर असेल तर तोही मारू नका. हाताच्या कामाला हलके म्हणण्याची रीत वरच्यांनी पाडली. ती आपण का चालवायची?

जय भीम!