कमल रणदिवे
डॉ. कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, ८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१) या भारतीय पेशीशास्त्रज्ञ व कर्करोग-संशोधक होत्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतक संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक होत. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण
कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात झाला. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाल्यावर त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन पदवी संपादन केली. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मात्र कमल यांनी जीवशास्त्राचीच वाट धरली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशीजनुकशास्त्रावर काम करून १९४३ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. तत्पूर्वी १३ मे १९३९ रोजी गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. या दांपत्याला एक पुत्र होता.

विवाहानंतर मुंबईत आल्यावर त्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय १९४१ साली परळ येथे सुरू झाले होते व तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तेथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतक संवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. शरीराबाहेर अखंड वाढत राहणारी मानवी पेशींची पहिली वाण, 'हेला', १९५१ साली याच प्रयोगशाळेत तयार झाली होती.

प्रयोगशाळेची उभारणी
भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना १९५२ साली झाली. अमेरिकेहून परतल्यावर रणदिवे तेथे वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाल्या. कर्कपेशी काचपात्रात जिवंत ठेवण्यासाठी योग्य रचनेचे पोषक माध्यम, निर्जंतुक जागा आणि सतत देखरेख यांची गरज असते. साठच्या दशकाच्या आरंभी रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी संवर्धनाची माध्यमे व तत्संबंधी रसायने केंद्रातच विकसित केली. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र व प्रतिकारशास्त्र या शाखांचे नवे विभागही त्यांनी सुरू केले. १९६६ साली केंद्राचे व रुग्णालयाचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. १९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची जबाबदारी सांभाळली.

संशोधन
रणदिवे यांच्या संशोधनाचा गाभा उंदरांमधील स्तनाचा कर्करोग हा होता. सख्ख्या भावंडांचा संकर किमान वीस पिढ्या चालू ठेवला की उंदरांची जवळजवळ एकसारखा आनुवंशिक वारसा असलेली वाण तयार होते. काही वाणींत स्तनाच्या गाठी वारंवार होतात, तर काहींत क्वचित. मातेच्या दुधातून पिलांकडे जाणारा घटक यास कारणीभूत ठरतो, असे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखविले होते. तो घटक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. निरनिराळ्या वाणींची तुलना करून रणदिवे यांनी आनुवंशिकता, संप्रेरके व अर्बुद-विषाणू यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध प्रथम त्यांनीच शोधला, असे काही लेखनात म्हटले जाते. तथापि हा संबंध त्यांच्या आधीपासून चर्चेत होता. संप्रेरके व विषाणू यांच्यासह त्याचा एकत्रित प्रायोगिक विचार भारतात उभा करणे, हे त्यांचे योगदान होय.

तंबाखू व सुपारी यांच्या कर्कजनकतेची प्राण्यांवर तपासणी करणारे त्यांचे व सहकाऱ्यांचे संशोधन १९७६ साली प्रसिद्ध झाले. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे प्रमाण असलेल्या देशात या प्रश्नाचे महत्त्व उघड होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीलाही मानवी कर्करोगाचे कारण मानले.

कुष्ठरोगाच्या क्षेत्रातही त्यांनी मूलभूत काम केले. रुग्णाच्या ऊतकातून वेगळ्या केलेल्या दंडाणूच्या संवर्धनाविषयी खानोलकर व अन्य सहकाऱ्यासह त्यांचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दंडाणूपासून पुढे कुष्ठरोगावरील लस तयार करण्यात आली. कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत.

औषधसंशोधनाशी संबंध
रणदिवे यांनी स्वतः कर्करोगाचे औषध शोधले नाही. तथापि कोणतेही नवे औषध रुग्णाला देण्यापूर्वी त्याचा प्रभाव काचपात्रातील कर्कपेशींवर आणि त्याची परिणामकारकता व विषारीपणा प्राण्यांवर तपासावा लागतो. आज ही चिकित्सापूर्व चाचणी औषध कंपन्यांसाठी मोबदला घेऊन करून देणाऱ्या कंत्राटी संशोधन संस्था भारतात आहेत. पेशींच्या वाणी, एकसारखे प्राणी आणि ती हाताळणारे प्रशिक्षित मनुष्यबळ ही या कामाची पूर्वअट असते. मुंबईत ती पूर्ण करण्याचा आरंभीचा प्रयत्न रणदिवे यांच्या प्रयोगशाळेत झाला. त्यांच्या संस्थेचा वारसा चालवणाऱ्या खारघर येथील केंद्रात आता कर्करोगविरोधी संयुगांच्या तपासणीची स्वतंत्र सुविधा आहे.

सामाजिक कार्य
१९७३ साली रणदिवे व त्यांच्या सहकारी वैज्ञानिकांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. वाशी येथे मुख्यालय असलेली ही संघटना विज्ञानप्रसाराबरोबरच नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह व पाळणाघरही चालवते. निवृत्तीनंतर रणदिवे यांनी अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीचा अभ्यास केला आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्यविषयक मार्गदर्शन केले.

सन्मान
१९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला; सुवर्णपदक व १५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रासाठीचा वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कारही त्यांना देण्यात आला. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४व्या जन्मदिनी, गूगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले.