डॉ. लूसी विल्स : एक कृतज्ञ स्मरण

आमच्या मिरजोळ्यातून, किंबहुना साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातून, पिढ्यान् पिढ्या माणसे पोटासाठी मुंबईस गेली. ज्या परळ-लालबागच्या चाळींत त्यांनी संसार थाटले, त्याच परळमधील हाफकिन संस्थेत एका परदेशी विदुषीने गोरगरीब मातांसाठी केलेले कार्य आमच्या ज्ञातिबांधवांस ठाऊक असावे, म्हणून हा अल्प परिचय.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमनजीक झाला. केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून पुढे १९२० साली त्या लंडनमध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ साली त्या मुंबईस आल्या. गरोदरपणी पांडुरोग होऊन बायका दगावत. त्याचे कारण शोधावयाचे होते.

रक्ताचा वा अस्थिमज्जेचा थेंब काचपट्टीवर पसरला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील पेशी नीट ओळखू येत नाहीत. त्यांस रंग द्यावा लागतो. तांबडा इओसिन व निळा मेथिलीन ब्लू यांच्या मिश्रणाने रक्ताच्या तांबड्या पेशी गुलाबी व इतर पेशींची केंद्रके जांभळी दिसतात. लोहाच्या अभावी तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. या बायकांच्या रक्तात मात्र त्या नेहमीहून मोठ्या आढळत. अशा रोगात मज्जेतही अपक्व, थोराड पेशी साचतात. अर्थात् हा रोग निराळा, केवळ लोहाने बरा न होणारा.

विल्सबाईंनी रुग्णांच्या ताटात काय पडते ते पाहिले. निकस आहारातच उणीव असावी, असे त्यांनी ताडले. माकडांस यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्लंडात पावास लावून खातात ते स्वस्त मार्माईट, दिल्यावर रक्त सुधारले. आजारी बायकांसही तोच उपाय लागू पडला. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या अज्ञात द्रव्यास विल्स घटक म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढलेले फॉलिक आम्ल ते हेच.

१६ एप्रिल १९६४ रोजी आजन्म अविवाहित राहिलेल्या या विदुषी निवर्तल्या. आज सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांस लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. पण कित्येक घरी त्या फडताळातच पडून राहतात. ज्ञातीतील सासवांस व आयांस आमची हात जोडून विनंती आहे, की लेकीसुनांच्या ताटात पालेभाजी व डाळ अगत्याने वाढावी, गोळी चुकू देऊ नये, आणि दम लागून चेहरा पांढरा पडल्यास रक्त अवश्य तपासून घ्यावे. विल्सबाईंचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.