उलटं वाचा, गाडी जोडा

समजा, तुमच्या घरी एक भलंमोठं खोकं आलं. आत एका स्पोर्ट्स कारचे सुटे भाग आहेत. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, अॅल्युमिनियमचे पत्रे, चाकं, वायरींचं भेंडोळं. सोबत एक माहितीपत्रक. पण त्यात गाडी कशी जोडायची हे कुठेच लिहिलेलं नाही. जोडलेली गाडी सुटी कशी करायची, तेवढंच दिलंय! तुम्ही काय कराल? शेवटच्या ओळीपासून वर वाचत जाल आणि गाडी जोडाल.

१९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या गाडीबद्दल ब्रिटनमध्ये हा किस्सा आजही सांगतात. तिथे तेव्हा तयार गाडीवर भरमसाट खरेदी कर होता, सुट्या भागांच्या खोक्यावर नव्हता. अट एकच, सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. सुटं करण्याच्या सूचनांवर मात्र कुणी बंदी घातली नव्हती. ही पळवाट ज्याच्या कंपनीच्या नावावर जमा आहे तो माणूस म्हणजे कॉलिन चॅपमन. तुमच्यातले फॉर्म्युला वनवाले त्याला ओळखत असतील. बाकीच्यांनी ओळख करून घ्यायला हरकत नाही, कारण या गड्याने सुरुवात केली ती कॉलेजात असताना, आणि तीही दुसऱ्याच्या गॅरेजात.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल नावाचं हॉटेल चालवायचे. पोरगा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये इंजिनीअरिंगला गेला. विषय गाड्यांचा नव्हता, बांधकामाचा होता. पूल, छपरं, तुळया, कुठल्या दांड्यावर किती भार येतो त्याचं गणित. शिवाय कॉलेजच्या हवाई पथकात तो विमान चालवायला शिकला. पॉकेटमनीसाठी एका मित्राबरोबर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री सुरू केली. धंदा बरा चालला होता, पण १९४७ च्या शेवटी सरकारने खासगी गाड्यांचा पेट्रोलचा कोटाच बंद केला. पेट्रोल नाही तर गाडी कोण घेणार? भाव कोसळले, साठवलेले पैसे बुडाले आणि हातात उरली एक जुनाट ऑस्टिन सेव्हन. कुणी घेईना, भंगारात टाकवेना.

त्यात अभ्यासाचंही बिनसलं. १९४८ मध्ये गणिताचा शेवटचा पेपर राहिला. आपल्या भाषेत सांगायचं तर एटीकेटी. तो पेपर पुन्हा देऊन पदवी मिळाली ती १९४९ मध्ये.

न खपलेल्या ऑस्टिनचं त्याने काय केलं? मैत्रीण हेझल हिच्या आईवडिलांच्या घरामागे एक गॅरेज होतं. तिथे त्याने गाडीची बॉडी उतरवून टाकली आणि प्लायवूड व अॅल्युमिनियमचा पत्रा एकत्र चिकटवून नवी हलकी बॉडी केली. ही पद्धत विमानांची. हेझल नुसती गॅरेजची मालकीण म्हणून नव्हती, तीही हातात पाना घेऊन राबली आणि चिखलाच्या चढांवरच्या शर्यतींत त्याच्याबरोबर गाडीत बसली. या गाडीला त्याने नाव दिलं लोटस. का, ते त्याने कधी नीट सांगितलंच नाही. तो हेझलला लाडाने कमळावरून हाक मारायचा, असं म्हणतात. १९५४ मध्ये दोघांनी लग्न केलं.

पुढची काही वर्षं दिवसा अॅल्युमिनियम कंपनीत नोकरी आणि रात्री गॅरेज. १९५१ च्या शर्यतींत त्याने जे केलं ते मेकॅनिकलवाल्यांनी नीट ऐकावं. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोलचं मिश्रण आत जायला वाटा दोनच. म्हणजे दोन सिलिंडरना मिळून एक तोंड, आणि दोघांची ओढाताण. चॅपमनने त्या वाटेत मधोमध पडदा घातला. एका वाटेच्या दोन झाल्या, सिलिंडरची भांडणं मिटली, आणि गाडी अशी पळायला लागली की आयोजकांना नियम बदलून ही युक्ती बंद करावी लागली. खर्च किती? एका पत्र्याच्या तुकड्याचा.

१ जानेवारी १९५२ ला त्याने हेझलकडून २५ पौंड उसने घेऊन कंपनी काढली. कारखाना कुठे, तर वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात. तिथून निघाली मार्क सिक्स. हिचा सांगाडा बारीक नळ्यांच्या त्रिकोणांचा होता, रेल्वेच्या लोखंडी पुलासारखा, आणि त्याचं वजन जेमतेम २५ किलो. तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंटसाठी पोरं रात्र-रात्र नळ्या वेल्ड करत बसतात ना, तो हाच सगळा खेळ. मार्क सिक्सचा सांगाडा लोटसकडून घ्यायचा आणि इंजिन, गिअरबॉक्स एखाद्या साध्या फोर्डमधून काढून आपणच बसवायचा. नंतर आलेली सेव्हन म्हणजे याच कल्पनेचं पुढचं रूप. आईवडिलांच्या अंगणात, जॅकवर, रविवारी गाडी उभी करणाऱ्यांची एक अख्खी पिढी या खोक्यांनी घडवली.

पण चॅपमन म्हणजे काय चीज होती हे कळायला इलान बघायला हवी. १९६२ ते १९७३ अशी ती बनत होती आणि तीही सुट्या भागांत मिळायची. वजन साधारण ६८० किलो, म्हणजे आपल्या मारुती ८०० च्या आसपास. तिचा आराखडा केला रॉन हिकमनने. (हाच हिकमन घरी कपाट बनवताना खुर्ची करवतून बसला आणि त्यातून त्याने वर्कमेट नावाचं घडीचं कामाचं टेबल शोधलं. घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यांवर या माणसाचे दुहेरी उपकार आहेत.)

इलानची बॉडी फायबरची. ती बोल्ट काढून अख्खी वेगळी करता येते, आणि चार मित्रांना वडापावचं आमिष दाखवलंत तर हातांनी उचलताही येते. खाली राहतो पत्र्याचा चॅसिस, पाठीच्या कण्यासारखा मधून जाणारा. चॅपमनचा हट्ट असा की एकाच भागाने दोन कामं करावीत. इलानचे हेडलाइट बोनेटमधून वर येतात ते इंजिनाच्या पोकळीच्या जोरावर, व्हॅक्यूमवर. तो व्हॅक्यूम साठवायला वेगळी टाकी हवी. चॅपमनच्या गाडीत टाकी नाही! चॅसिसच्या पुढच्या आडव्या पेटीलाच टाकी केलंय. पुढची चाकं ज्याच्या आधाराने उभी, तोच भाग दिवेही सांभाळतो.

आता साठ वर्षांनी ही गाडी तुम्ही घरी दुरुस्त करायला घेतलीत असं धरा. रात्री जाताना दिवे हळूहळू मिटू लागले, पेंगुळल्या डोळ्यांसारखे. तुम्ही आधी बल्ब बघाल, मग रबराच्या नळ्या बघाल. नळ्या ठीक असल्या तर मात्र पोटात गोळा येतो, कारण मग ती पेटीच गंजून भोकं पडली असण्याची शक्यता असते. म्हणजे दिवा मिटला तो चॅसिस कुजल्याचं सांगायला. वेल्डिंगवर भागलं तर नशीब, नाहीतर बॉडी उतरवून नवा चॅसिस.

विजेचंही तसंच. साध्या गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो आणि करंट पत्र्यातूनच परत येतो. फायबरमधून करंट जात नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर लागते, आणि तिच्या टोकाला गंज चढला की दिवा कधी लागतो, कधी नाही. सँडपेपर आणि संयम, दोन्ही जवळ ठेवा. मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्यांत रबराची जाडजूड कडी आहेत, मेदुवड्यासारखी. त्यांना चीर पडलीय का ते वरचेवर बघायचं, कारण ती वेगात फुटली तर मोकळी झालेली दांडी आजूबाजूचं सगळं झोडपते. आणि पाण्याचा पंप? तो इंजिनाच्या पुढच्या झाकणातच बसवलेला. पंप बदलायचा म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं. बरं, पाने तुमच्या घरातले चालणार नाहीत, बोल्ट मिलिमीटरचे नाहीत, इंचाचे आहेत. लोटस या शब्दाच्या पाच इंग्रजी अक्षरांचा मालकांनी एक लाँगफॉर्म केलाय, त्याचा अर्थ साधारण असा की कटकटी पुष्कळ आणि त्याही बहुतेक गंभीर. तरी ही माणसं गाडी विकत नाहीत. ती वळणावर अशी वळते म्हणे की बाकी सगळं माफ.

घरच्या गाडीत हे माफ होतं. शर्यतीत काय होत होतं?

फॉर्म्युला वनमध्ये चॅपमनच्या गाड्यांनी संघांची सात जगज्जेतेपदं जिंकली. गाडी जिंकली की तो डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावायचा. त्याचा लाडका ड्रायव्हर जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये जगज्जेता झाला आणि ७ एप्रिल १९६८ ला जर्मनीत हॉकेनहाइमला लोटसमध्येच गेला. तो अपघात कशाने झाला यावर शंभर टक्के उत्तर नाही. पण त्याआधी १९६० मध्ये बेल्जियमच्या सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं चाक निखळलं होतं आणि त्याचे दोन्ही पाय मोडले होते. १९६९ मध्ये बार्सिलोनाला ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसचे उंच पंख शर्यत चालू असताना मोडले. रिंट जखमी झाला. बरा होताना त्याने चॅपमनला पत्र लिहून कळवलं की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की दुबळे भाग मजबूत करायला चार-दोन पौंड वजन वाढवलं तरी आपण जिंकू. पुढच्या वर्षी, ५ सप्टेंबर १९७० ला, मोंझा इथे सरावात त्याच्या लोटसच्या पुढच्या ब्रेकची दांडी तुटली. कडेचं रेलिंगही नीट बसवलेलं नव्हतं. रिंट वाचला नाही. त्या वर्षीचे त्याचे गुण मात्र कुणी ओलांडू शकलं नाही, आणि मरणानंतर जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव ड्रायव्हर आहे.

चॅपमनला माणसांची फिकीर नव्हती असं मला वाटत नाही. क्लार्क गेल्यावर तो पार खचला होता. पण मर्यादा कुठे आहे हे तिच्यापलीकडे गेल्याशिवाय कळत नाही, अशी त्याची रीत होती, आणि गाडीत तो स्वतः बसलेला नसायचा.

पैशांतही हीच रीत. खोक्यातल्या पळवाटेला आपण हसलो, टाळ्याही दिल्या. १९७८ पासून लोटसने डिलोरिअन या गाडीचं काम घेतलं. बॅक टु द फ्यूचरमधली तीच ती. या प्रकल्पात ब्रिटिश सरकारचा, म्हणजे करदात्यांचा पैसा होता. त्यातले सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्गे गायब झाले. १६ डिसेंबर १९८२ ला हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन गेला, वय ५४. त्याचा हिशेब बघणारा फ्रेड बुशेल १९९२ मध्ये तीन वर्षांसाठी तुरुंगात गेला. चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षं झाली असती, असं न्यायाधीशांनी सुनावलं.

सेव्हन अजून बनते, केटरहॅम नावाच्या कंपनीकडे, आणि हवी तर सुट्या भागांतही मिळते. सोबत जोडणीची पुस्तिका असते, सुलट क्रमाची. १९७३ मध्ये करपद्धत बदलली आणि ती पळवाट बुजली.

इलानला नंतर कंपनीनेच गंज न धरणारे, जस्ताचा मुलामा दिलेले चॅसिस बनवले. जुना चॅसिस वाचवू पाहणारे काही मालक आणखी एक काम करतात. त्या पुढच्या पेटीचा नाद सोडून बोनेटखाली कोपऱ्यात व्हॅक्यूमसाठी एक छोटा वेगळा डबा बसवतात. दोन क्लॅम्प, हातभर रबरी नळी, दुपारभराचं काम. गाडीचं वजन साधारण किलोभराने वाढतं.