सगळ्या अमेरिकेला आरोग्य विमा द्यायला निघालेल्या राष्ट्राध्यक्षाला डॉक्टरांच्याच संघटनेनं हरवलं होतं

अमेरिकेत तुमचं कुणी नातेवाईक असेल, तर त्यांना एकदा आरोग्य विम्याबद्दल विचारून बघा. पगारातून हप्ता कापला जातो, तरी बऱ्याच पॉलिसींमध्ये सुरुवातीचं हजारो डॉलरचं बिल स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. डॉक्टर विमा कंपनीच्या यादीत नसेल तर खर्च आणखी वाढतो. आणि नोकरी गेली की विमाही धोक्यात.

मग एवढा श्रीमंत देश सगळ्यांना सरकारी विमा का देत नाही?

तर हा प्रयत्न 1945 मध्येच झाला होता. करणाऱ्याचं नाव हॅरी ट्रुमन. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकायचा आदेश देणारे राष्ट्राध्यक्ष म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या आयुष्यातली ही लढाई फारशी कुणाला ठाऊक नसते.

ट्रुमन यांचा जन्म 8 मे 1884 चा, मिसुरी राज्यातल्या लमार गावचा. घर शेतकऱ्याचं. लहानपणापासून डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. दहाएक वर्षांचे असताना घटसर्प झाला आणि काही महिने हातपाय लुळे पडले. त्यातून ते बरे झाले, पण कॉलेजची पदवी काही त्यांना मिळाली नाही. शेती केली, पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे कॅप्टन झाले. परत येऊन कॅन्सस सिटीत मित्राबरोबर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं. 1922 मध्ये ते बुडालं. ट्रुमन यांनी दिवाळखोरी जाहीर केली नाही, पुढची बरीच वर्षं कर्ज फेडत राहिले.

तिथून राजकारण. 1934 मध्ये सिनेटवर निवडून आले, जानेवारी 1945 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि तीनच महिन्यांत रूझवेल्ट यांच्या निधनामुळे थेट राष्ट्राध्यक्ष.

महायुद्ध संपलं आणि 19 नोव्हेंबर 1945 रोजी त्यांनी अमेरिकन संसदेकडे आरोग्याचा आराखडा पाठवला. त्यात एक आकडा होता. सैन्यासाठी तपासलेल्या तरुणांपैकी जवळपास 50 लाख जण लष्करी सेवेसाठी अपात्र ठरले होते. ट्रुमन यांचं म्हणणं सरळ होतं. आजारपणाचा खर्च एकट्या कुटुंबाला झेपत नाही, त्यामुळे सगळ्यांनी कमाईतून थोडे थोडे पैसे एका राष्ट्रीय निधीत टाकायचे आणि उपचाराचं बिल त्यातून भरायचं. डॉक्टर निवडायचं स्वातंत्र्य रुग्णाकडेच राहणार होतं.

याला सगळ्यात मोठा विरोध केला अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेनं. सरकार मध्ये आलं तर आपल्या फीवर आणि कामावर बंधनं येतील, ही त्यांची भीती. 1948 ची निवडणूक ट्रुमन हरणार असं जवळपास सगळेच धरून चालले होते. ते जिंकले, आणि संघटना हादरली. तिनं प्रत्येक सदस्याकडून 25 डॉलर मागितले आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिटेकर अँड बॅक्स्टर या प्रचार करणाऱ्या नवरा-बायकोच्या कंपनीला कामाला लावलं. 1949 मध्ये या मोहिमेवर सुमारे 15 लाख डॉलर खर्च झाले. दवाखान्यांत पोस्टर लागली, पत्रकं वाटली गेली.

संदेश एकच, सरकारी विमा म्हणजे समाजवाद. शीतयुद्ध तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे हा शब्द पुरेसा होता. रिपब्लिकन तर विरोधात होतेच, ट्रुमन यांच्या स्वतःच्या पक्षाचे दक्षिणेकडचे खासदारही बाजूला झाले. विधेयक कधी मंजूरच झालं नाही. त्याच काळात, 5 जुलै 1948 रोजी, ब्रिटननं मात्र सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य सेवा सुरू केली.

मग अमेरिकेत ती जागा कुणी घेतली? खासगी विम्यानं. युद्धकाळात 1942 पासून पगारवाढीवर सरकारी बंधनं होती. पण त्यातून विम्यासारख्या सोयी वगळल्या होत्या. त्यामुळे माणसं टिकवायला कंपन्या पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ लागल्या. पुढे 1954 मध्ये या विम्यावरची करसवलत कायद्यानं पक्की झाली आणि विमा नोकरीला चिकटला तो आजपर्यंत.

पण यात म्हातारी माणसं राहून गेली. नोकरी नाही म्हणून कंपनीचा विमा नाही, आणि वयामुळे खासगी विमा परवडत नाही. ट्रुमन यांच्याच सरकारातल्या अधिकाऱ्यांनी शेवटी निदान वृद्धांपुरता तरी विमा द्यावा असा प्रस्ताव मांडला. 1953 मध्ये ट्रुमन पायउतार झाले, पण हा प्रस्ताव मागे उरला.

त्यावर निर्णय व्हायला आणखी 12 वर्षं गेली. 30 जुलै 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मेडिकेअरच्या कायद्यावर सही करायला मुद्दाम ट्रुमन यांच्या इंडिपेंडन्स गावी गेले. 65 वर्षांपुढच्या लोकांना सरकारी विमा मिळाला. त्याच कायद्यातून गरिबांसाठी मेडिकेडही आलं. मेडिकेअरचं पहिलं कार्ड 81 वर्षांच्या ट्रुमन यांना मिळालं, दुसरं त्यांच्या पत्नी बेस यांना.

26 डिसेंबर 1972 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी ट्रुमन गेले. त्यांनी विमा मागितला होता तो सगळ्यांसाठी, मिळाला तो मुख्यतः वृद्धांना आणि काही गरिबांना. म्हणूनच आजही अमेरिकेत नोकरी बदलताना माणसं पगाराइतकीच विम्याची चौकशी करतात.