इशी

इशी (जन्म : अंदाजे १८६०, मृत्यू : २५ मार्च १९१६, सॅन फ्रान्सिस्को) हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील याही या आदिवासी जमातीचे अखेरचे ज्ञात सदस्य होते. याही ही याना लोकांची एक शाखा असून मिल क्रीक व डियर क्रीक या ओढ्यांच्या खोऱ्यांत तिची वस्ती होती. स्वतःचे नाव स्वतः उच्चारू नये, अशी याही रीत असल्याने त्यांचे खरे नाव कधीच कळले नाही. ‘इशी’ या याना शब्दाचा अर्थ ‘माणूस’ असा आहे. हे नाव मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी दिले.

== पूर्वायुष्य ==
१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर गोऱ्या वसाहतवाल्यांची रीघ लागली. त्यांनी केलेल्या हत्याकांडांत बहुतेक याही मारले गेले. उरलेले मोजके लोक सुमारे चाळीस वर्षे दऱ्याखोऱ्यांत लपून राहिले. १९०८ मध्ये भूमापकांच्या एका तुकडीला त्यांचा तळ सापडला व तेथील वस्तू नेण्यात आल्या. त्यानंतर इशी एकाकी झाले. २९ ऑगस्ट १९११ रोजी ते ओरोव्हिलजवळील एका कत्तलखान्याच्या आवारात भुकेल्या अवस्थेत आढळले.

== शिकारपद्धती ==
विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहालयात राहत असताना इशींनी डॉ. सॅक्स्टन पोप यांना धनुर्विद्या शिकवली. मे १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन व पोप यांच्यासह ते डियर क्रीकला गेले व तेथे त्यांनी आपल्या पद्धती दाखवल्या. हरणाच्या शिकारीपूर्वी ते मासे व तंबाखू वर्ज्य करीत, पहाटे ओढ्यात स्नान करीत व अंगाला सुगंधी पाला चोळीत. कारण हरणाला माणसाचा वास दुरून येतो. वाऱ्याची दिशा पाहून ते हरणांच्या वाटेलगत खडकाच्या किंवा झुडपांच्या लपणात बसत. झाडाचे पान ओठांत धरून पाडसाचा आवाज काढीत किंवा पेंढा भरलेले हरणाचे मुंडके झुडपाआडून हलवीत. कुतूहलाने हरीण जवळ आले की मगच बाण सोडीत. धनुष्य आवाज करीत नसल्याने लपून राहणाऱ्या या लोकांना ते बंदुकीपेक्षा सोयीचे होते.

== मृत्यू व वारसा ==
इशींचे क्षयरोगाने निधन झाले. क्रोबर यांचा विरोध असतानाही शवविच्छेदन झाले व मेंदू काढून ठेवण्यात आला. पुढे क्रोबर यांनीच तो स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. २००० मध्ये तो कॅलिफोर्नियातील संबंधित आदिवासींच्या स्वाधीन करण्यात आला. पोप यांच्या १९२३ मधील ग्रंथामुळे अमेरिकेत धनुष्यबाणाच्या शिकारीचे पुनरुज्जीवन झाले. त्या परंपरेचे मूळ इशींच्या शिकवणीत आहे.