देश नसलेल्या समाजाचा छायाचित्रकार

बाल्कनमधील व्लाख समाजात जन्मलेल्या मिल्टन मनाकी यांनी सुमारे सहा दशके एकाच शहरात राहून कॅमेरा चालवला. त्या काळात शहरावरचे राज्य अनेकदा बदलले. आज चार देश त्यांना आपले म्हणतात.

एक अतिवृद्ध आजी लोकर कातण्यात गढून गेली आहे. भोवती घरातल्या बायकांचे सूतकताईचे आणि विणकामाचे काम सुरू आहे. चित्रपट जेमतेम एका मिनिटाचा. या आजीचे नाव देस्पिना. तिचे वय त्या वेळी 114 वर्षे होते, असे मनाकी कुटुंबात सांगितले जाई. तिच्या यानाकी आणि मिल्टन या नातवांनी लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्याने हे दृश्य टिपले. चित्रीकरणाचे वर्ष परंपरेने 1905 मानले जाते. बाल्कन प्रदेशातील स्थानिक माणसांनी केलेल्या अगदी पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते.

पडद्यावरची ही आजी कोणत्या देशाची, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर सरळ नाही. जन्माने ती ऑटोमन सुलतानाची प्रजा. तिचे गाव आज ग्रीसमध्ये आहे. तिची भाषा रुमानियन भाषेच्या नात्यातली. तिचा चित्रपट मात्र उत्तर मॅसिडोनियात जपला गेला. व्लाख समाजाची सारी कथाच या एका मिनिटात सामावली आहे.

डोंगरातले लोक

व्लाख हे नाव या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. लॅटिन वळणाची भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांसाठी जर्मानिक टोळ्या जो शब्द वापरत, त्याचे हे रूप. वेल्स आणि वालून ही नावेही त्याच मुळातून आली. बाल्कनच्या दक्षिण भागातील व्लाख स्वतःला आर्मान म्हणवतात. हे नाव रोमन या शब्दावरून आले आहे. रोमन साम्राज्याच्या काळात लॅटिन भाषा बाल्कनमध्ये रुजली. पुढे स्लाव लोक आले, राज्ये बदलली. पण डोंगराळ भागात ती बोली टिकून राहिली. बायझंटाइन इतिहासकारांनी 976 सालच्या एका घटनेच्या संदर्भात व्लाखांचा उल्लेख केला आहे.

मेंढपाळ, मालवाहू खेचरांचे तांडे नेणारे आणि व्यापारी अशी व्लाखांची ओळख होती. उन्हाळ्यात पिंडस पर्वतातील गावे गजबजत. थंडी सुरू झाली की कळपांसह कुटुंबेच्या कुटुंबे मैदानात उतरत. अशा समाजाला नकाशावरच्या रेषांचे फारसे प्रयोजन नव्हते. एकोणिसाव्या शतकात मात्र बाल्कनमध्ये राष्ट्रवादाचे वारे वाहू लागले आणि प्रत्येकाला आपण कोण, याचे उत्तर देणे भाग पडले. व्लाखांची चर्चमधील आणि व्यापारातील भाषा ग्रीक होती. त्यामुळे अनेकांना ग्रीस जवळचा वाटे. दुसरीकडे भाषेचे नाते सांगत रुमानियाने 1864 पासून त्यांच्यासाठी शाळा उघडल्या. गावागावांत दोन तट पडले. काही ठिकाणी भाऊबंदांतच वैर निर्माण झाले.

अव्देला ते मोनास्तिर

पिंडसमधील अव्देला गावात 1878 मध्ये यानाकी आणि 1882 मध्ये मिल्टन यांचा जन्म झाला. यानाकी शिकलेले होते आणि चित्रकला व सुलेखन शिकवत. यानिना शहरात त्यांनी 1898 मध्ये छायाचित्रांचा स्टुडिओ थाटला. मिल्टन यांचे मन मात्र शाळेत रमले नाही. त्यांनी भावाच्या हाताखाली कॅमेऱ्याची विद्या आत्मसात केली आणि पुढे या कलेतले ते अधिक जाणते ठरले.

दोघे भाऊ मोनास्तिर शहरात आले आणि 1905 मध्ये त्यांनी तेथे आपला नवा स्टुडिओ सुरू केला. आजचे बितोला ते हेच. त्या वेळी हे ऑटोमन साम्राज्याचे महत्त्वाचे लष्करी आणि प्रशासकीय केंद्र होते. युरोपीय राष्ट्रांचे वाणिज्यदूत येथे राहत. मुस्तफा कमाल अतातुर्क यांचे सैनिकी शालेय शिक्षण याच शहरात झाले. तुर्क, स्लाव, ग्रीक, अल्बेनियन, ज्यू आणि व्लाख एकाच बाजारपेठेत वावरत.

योगायोग असा की, 1905 च्या मे महिन्यात सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी व्लाखांना स्वतंत्र समाज म्हणून मान्यता दिली. शाळेत आणि चर्चमध्ये स्वतःची भाषा वापरण्याचा अधिकार त्यांना मिळाला. आजही जगभरातील अनेक आर्मान 23 मे हा आपला राष्ट्रीय दिन म्हणून साजरा करतात. पण या फर्मानाने शांतता आली नाही. रुमानियाच्या बाजूने गेलेल्या व्लाखांवर ग्रीक सशस्त्र टोळ्यांचे हल्ले होत राहिले.

कॅमेरा क्रमांक 300

रुमानियात 1906 मध्ये भरलेल्या प्रदर्शनात मनाकी बंधूंच्या छायाचित्रांना सुवर्णपदक मिळाले. राजे कॅरोल पहिले यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकाराचा मान दिला. युरोपच्या प्रवासातूनच लंडनचा बायोस्कोप कॅमेरा त्यांच्या हाती आला. त्यावरील क्रमांक होता 300.

या कॅमेऱ्याने त्यांनी जत्रा, व्लाखांची लग्ने, मिरवणुका आणि अंत्ययात्रा टिपल्या. 1908 मध्ये तरुण तुर्कांची क्रांती झाली तेव्हा तिचे एक प्रमुख केंद्र मोनास्तिर हेच होते. तो जल्लोष मनाकींनी नोंदवून ठेवला. सुलतान मेहमद पाचवे रेशाद 1911 मध्ये थेसालोनिकी आणि मोनास्तिरच्या दौऱ्यावर आले, त्याचेही त्यांनी चित्रीकरण केले. तुर्कीत पहिल्या तुर्की चित्रपटाचा मान रूढपणे 1914 मधील एका लघुपटाला दिला जातो. मनाकींचे चित्रीकरण त्याआधीचे आहे. साहजिकच मनाकींना ऑटोमन चित्रकार म्हणून मोजायचे की नाही, हा वाद तेथे अधूनमधून उफाळतो.

स्टुडिओत येणाऱ्यांचा धर्म किंवा भाषा मिल्टन यांनी कधी पाहिली नाही. गणवेशातले अधिकारी, बंडखोर, व्यापारी, नवविवाहित जोडपी, शाळकरी मुले अशी सारीच मंडळी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसली.

राज्ये आली आणि गेली

बाल्कन युद्धात, 1912 मध्ये, मोनास्तिर सर्बियाकडे गेले. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये तेथे बल्गेरियन सैन्य आले. 1916 मध्ये दोस्त सैन्याने शहर परत घेतले. पण आघाडी जवळच असल्याने तोफगोळ्यांचा मारा पुढे दोन वर्षे सुरू राहिला. युद्धकाळात यानाकींना बल्गेरियात हद्दपार करण्यात आले. मिल्टन मागे राहिले. युद्धानंतर शहर नव्या युगोस्लाव्ह राज्यात आले. अव्देला तोवर ग्रीसमध्ये गेले होते. ज्या वाटांवरून कळप ये-जा करत, तेथे आता सरहद्दीचे पहारे होते.

बंधूंनी 1921 मध्ये उघड्यावर चित्रपट दाखवण्यास सुरुवात केली आणि 1923 मध्ये चित्रपटगृह उभारले. ते 1939 मध्ये आगीत भस्मसात झाले. त्याआधीच यानाकी थेसालोनिकीला निघून गेले होते. तेथेच 1954 मध्ये त्यांचे निधन झाले. अशा रीतीने दोन भावांचे आयुष्य दोन देशांत विभागले गेले.

दुसऱ्या महायुद्धात बितोला पुन्हा बल्गेरियाच्या ताब्यात आले. मार्च 1943 मध्ये शहरातील तीन हजारांहून अधिक ज्यूंना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले. ज्या बहुरंगी शहरात मिल्टन तरुणपणी आले होते, ते शहर आता मुख्यतः काचेच्या निगेटिव्हांवरच उरले होते. युद्ध संपल्यावर समाजवादी युगोस्लाव्हियाचा झेंडा आला. मिल्टन यांनी 1955 मध्ये आपला संग्रह बितोलाच्या सरकारी अभिलेखागाराकडे सोपवला. त्यात सतरा हजारांहून अधिक छायाचित्रे आहेत. 5 मार्च 1964 रोजी बितोला येथेच त्यांचे निधन झाले.

वारसा कोणाचा?

त्यानंतर सुरू झाली ती नावाची ओढाताण. ग्रीक त्यांना मनाकीस म्हणतात, रुमानियन मनाकिया, तर मॅसिडोनियन मनाकी. जन्म, भाषा, कर्मभूमी आणि तत्कालीन राज्य यांपैकी ज्याला जो धागा सापडला, तो त्याने घट्ट धरला. ग्रीक दिग्दर्शक थिओ अँजेलोपोलस यांच्या 1995 मधील युलिसिस गेझ या चित्रपटाचा नायक मनाकी बंधूंच्या हरवलेल्या तीन रिळांच्या शोधात सारे बाल्कन पालथे घालतो. युगोस्लाव्हिया फुटत असताना हा चित्रपट आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

व्लाखांपुढचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने 1997 मध्ये आर्मान भाषा आणि संस्कृतीच्या रक्षणाची शिफारस केली. मॅसिडोनियाच्या राज्यघटनेत व्लाखांचा नामोल्लेख आहे, तर अल्बेनियाने 2017 मध्ये त्यांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. ग्रीसमधील बहुसंख्य व्लाख मात्र स्वतःला ग्रीकच मानतात आणि अल्पसंख्याक हे बिरूद त्यांना रुचत नाही. युनेस्कोने या भाषेची नोंद धोक्यात आलेल्या भाषांमध्ये केली आहे. ओळखीचा निवाडा राजधान्यांत होत राहील. घरात मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे मात्र घरातल्यांनाच ठरवावे लागणार आहे.

बितोलाच्या मुख्य रस्त्यावर आज कॅमेऱ्यासह मिल्टन मनाकी यांचा पुतळा आहे. 1979 पासून त्यांच्या आणि यानाकींच्या नावाने तेथे महोत्सव भरतो. तो नटनट्यांचा नव्हे, तर कॅमेरा चालवणाऱ्यांचा असतो. तेथील मुख्य पुरस्काराचे नाव आहे गोल्डन कॅमेरा 300. त्या नावात ना कोणता देश आहे, ना कोणती भाषा. आहे तो फक्त मिल्टन यांच्या हाती आलेल्या कॅमेऱ्याचा क्रमांक.